टोकियोत परवडणारी चांगली सुशी: कुठे शोधावी आणि कशी ओळखावी

पुण्याहून नोकरीनिमित्त टोकियोला आलेल्या आणि निशी-कासाईत बिऱ्हाड केलेल्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे की, गिन्झातल्या सुशीच्या दुकानांचे दर पाहून आत पाऊल टाकायचा धीर होत नाही आणि फिरत्या पट्ट्यावरच्या स्वस्त सुशीने समाधान होत नाही. तेव्हा माणशी दीड ते तीन हजार येनांत खरोखर चांगली सुशी टोकियोत आणि आसपास कुठे मिळेल? एप्रिलमध्ये त्यांचे आई-वडील येणार आहेत. वडील मासे खातात, पण कच्च्या माशाची त्यांना धास्ती आहे, आणि आई पूर्ण शाकाहारी आहेत, हेही त्यांनी कळवले आहे.

मिळेल, आणि त्यासाठी घरापासून फार लांब जावे लागेल असेही नाही. मी टोकियोत मासळीच्या घाऊक व्यापारात आहे. दुकानांना माल पोहोचवणे आणि त्यांची कुरकुर ऐकून घेणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे, कोणत्या प्रकारचे दुकान काय दर्जाचा माल उचलते आणि तोच माल गिऱ्हाइकापुढे कोणत्या भावाने जातो, हे मला आतल्या बाजूने पाहायला मिळते. त्यावरून मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे: आपण मोजलेल्या पैशांतला किती भाग माशावर आणि हातावर खर्च झाला, आणि किती भाग जागेवर, नावावर आणि देखाव्यावर गेला, एवढेच पाहायचे. दुकान नामांकित आहे की नाही, बाजारात आहे की गल्लीत आहे, हे प्रश्न त्यानंतरचे.

सुशीच्या किमतीत मासा हा एक घटक असतो आणि पुष्कळदा तो सर्वांत मोठा घटक नसतो. गिन्झात रात्री पंचवीस-तीस हजार येन मोजून आठ-दहा जणांच्या काउंटरवर बसणारा माणूस माशाचे पैसे देतोच. पण त्याखेरीज त्या गल्लीचे भाडे, अखंड लाकडाचे काउंटर, वर्षानुवर्षे उमेदवारी केलेल्या कारागिराचा वेळ आणि एक खुर्ची रात्रीतून जेमतेम दोनदा भरते या गणिताचेही पैसे देतो. उलट टोकाला मोठ्या साखळ्या आहेत. जपानमधल्या सर्वसाधारण उपाहारगृहात कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या तीस टक्क्यांच्या आसपास धरतात. पट्ट्यावरच्या सुशीत मात्र तो पुष्कळ वर, काही वेळा निम्म्याजवळ जातो, कारण तिथे मजुरी यंत्रांनी वाचवलेली असते आणि खुर्ची दिवसभर फिरती असते. या दोन टोकांच्या मधोमध, जिथे भाडे कमी आहे, मालक स्वतः काउंटरमागे उभा आहे आणि माल रोज संपतो आहे, तिथे तुमच्या रकमेत बसणारी सुशी आहे.

साखळ्यांविषयी आधी थोडक्यात सांगतो, कारण त्यांना सरसकट नाक मुरडणे मला पटत नाही. फिरत्या पट्ट्याची कल्पना शिराइशी योशिआकी यांनी १९५८ साली आजच्या हिगाशी-ओसाका शहरात ‘गेन्रोकु सुशी’ या दुकानात अमलात आणली, आणि तीही बिअरच्या कारखान्यातला बाटल्यांचा पट्टा पाहून. १९७० च्या ओसाकातील जागतिक प्रदर्शनामुळे ती देशाला माहीत झाली. आज सुशिरो, कुरा सुशी, हामा सुशी आणि काप्पा सुशी ही नावे कोणत्याही उपनगरात दिसतात. शंभर येनांच्या बशीचा जमाना मात्र सरला: येनचे मूल्य घसरल्यावर आणि माल महागल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुशिरोने सर्वांत स्वस्त बशी करासह ११० वरून १२० येनांवर नेली, कुरा सुशीनेही त्याच महिन्यात भाव वाढवले, आणि शहराच्या मध्यभागातल्या शाखांत हाच दर आणखी वर असतो. जानेवारी २०२३ मध्ये एका तरुणाने सोयासॉसची बाटली चाटल्याची चित्रफीत पसरल्यानंतर अनेक शाखांनी मोकळ्या बशा फिरवणे बंद केले आणि पडद्यावर मागणी नोंदवली की बशी थेट तुमच्या टेबलापाशी येते, अशी व्यवस्था केली. माझ्या मते ते बरेच झाले, कारण पूर्वी पट्ट्यावर चार फेऱ्या मारून सुकलेला तुकडा आपल्या वाट्याला यायचा.

या दुकानांतला मासा मुख्यतः गोठवलेला, ठरावीक वजनात कापून आलेला असतो आणि भाताचे गोळे यंत्र पाडते. त्यात लपवण्यासारखे काही नाही. मात्र काय मागवावे आणि काय टाळावे हे ठाऊक असावे. नॉर्वे आणि चिलीतला पाळीव साल्मन, पाळीव हामाची मासा, व्हिनेगरात मुरवलेला साबा म्हणजे बांगड्याच्या जातीचा मासा आणि उकडलेली कोळंबी हे तिथले भरवशाचे पदार्थ. याउलट स्वस्त साखळीतला ‘नेगितोरो’ हा टूनाच्या बारीक मांसात वनस्पती तेल मिसळून मऊ केलेला असतो, आणि ‘एन्गावा’ या नावाने मिळणारा चरबीदार तुकडा बहुतेक ठिकाणी हिरामे या माशाचा नसून उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या एका मोठ्या चपट्या माशाचा असतो. चवीला तो वाईट नाही, पण तो खाऊन हिरामे कसा लागतो याचा अंदाज बांधू नये. दुपारी दोन ते पाच या वेळेत, शक्यतो शनिवार-रविवार सोडून, त्यांच्या अॅपवरून क्रमांक घेऊन गेलात तर ताटकळावे लागत नाही. मुले बरोबर असली तर कुरा सुशीत जावे. पाच रिकाम्या बशा फटीत टाकल्या की पडद्यावर खेळ सुरू होतो आणि जिंकल्यास खेळणे मिळते.

त्याच्या वरची पायरी म्हणजे ‘गुरुमे काइतेन’ म्हणून ओळखली जाणारी दुकाने. इथे पट्टा असला तरी भात हाताने वळला जातो, माशाचे बरेचसे काप दुकानातच पडतात आणि बशीचा दर दीडशेपासून सहाशे येनांपर्यंत, क्वचित त्याहूनही वर जातो. होक्काइदोतून आलेले ‘नेमुरो हानामारू’ टोकियो स्थानकाला लागून असलेल्या कित्ते इमारतीत आहे. निशी-कासाईवरून जाणाऱ्या तुमच्या तोझाई मेट्रो मार्गाने ओतेमाचीला उतरून चालत जाता येते. होक्काइदोचेच ‘तोरितोन’ स्कायट्री मनोऱ्याच्या पायथ्याच्या सोरामाचीत आहे. पट्टा नसलेले, पण त्याच दरात मोठे काप देणारे ‘उमेगाओका सुशी नो मिदोरी’ हे सेतागाया भागातले मूळ दुकान असून त्याच्या शाखा शिबुया आणि गिन्झात आहेत. तिन्ही ठिकाणी गर्दी प्रचंड असते. दारातल्या यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि तास-दीड तास इमारतीत फिरून यायचे, हीच तिथली रीत आहे. रविवारी दुपारी बारा वाजता जाऊन रांगेला नावे ठेवण्यात अर्थ नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी साडेतीन वाजता तेच दुकान निवांत असते.

अशा दुकानात बसल्यावर छापील यादीपेक्षा हाताने लिहिलेल्या पट्ट्यांकडे आधी पाहावे. त्या दिवशी काय चांगले आणि पुरेसे आले, हे दुकान त्या पट्ट्यांवरच सांगते. मासा शेवटी हंगामाचा गुलाम आहे. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा पहिला कात्सुओ म्हणजे टूनाच्या जातीचा मासा येतो, ‘आजी’ नावाचा लहान मासा सुधारू लागतो. पावसाच्या सुरुवातीला इवाशी म्हणजे तारली चरबी धरते. ‘बुरी’ आणि हिरामे हे मासे हिवाळ्यात खावेत. हंगामात त्यांचा भाव खाली असतो आणि चव वर, त्यामुळे परवडणारी सुशी शोधणाऱ्याने टूनाच्या मागे धावण्यात मला शहाणपण दिसत नाही. एक अपवाद सांगून ठेवतो: सान्मा आणि सुरुमे-इका ही एकेकाळी गरिबाची मासळी होती, पण अलीकडच्या वर्षांत त्यांची पकड फार घसरल्याने जुन्या पुस्तकांतली ‘स्वस्त’ ही नोंद आता खरी राहिलेली नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तुमच्या रकमेत सर्वांत जास्त मोबदला देणारी जागा म्हणजे वस्तीतले जुने, मालकाने चालवलेले सुशीचे दुकान, आणि वेळ दुपारची. अशी दुकाने वर्षागणिक कमी होत आहेत. घरपोच सुशीचा धंदा साखळ्यांनी आणि सुपरमार्केटांनी खाल्ला, मुले दुकानात बसायला तयार नाहीत. पण जी टिकली आहेत त्यांची जागा बहुधा स्वतःची असते, त्यामुळे भाड्याचा बोजा गिऱ्हाइकावर पडत नाही. तोझाई मार्गावरच तोयोचो, किबा आणि विशेषतः मोन्झेन-नाकाचो या जुन्या वस्तीत मुख्य रस्ता सोडून एक-दोन गल्ल्या आत शिरलात की ती दिसू लागतात. दारावर कापडी नोरेन, बाहेर दुपारच्या जेवणाचा दर स्पष्ट लिहिलेली पाटी, आणि बाजूला घरपोच सुशीच्या लाखेच्या गोल परातींची चळत, ही त्यांची ओळख. दराची पाटी बाहेर नसेल तर पहिल्या खेपेला आत जाऊ नये. आत ‘जिका’ म्हणजे बाजारभावाप्रमाणे असे लिहिलेले पदार्थ असू शकतात आणि त्यांचा भाव विचारायला नवख्याला संकोच वाटतो.

दुपारी तिथे नामी, जो आणि तोकुजो अशा तीन प्रती असतात: साधी, वरची आणि खास. साधी प्रत साधारण हजार ते दीड हजार येनांत, वरची दोन हजारांच्या आसपास. बहुतेक लोक साध्या प्रतीला कमी लेखून वरची मागवतात. माझा सल्ला उलटा आहे. पहिल्या भेटीत साधीच मागवा, कारण वरच्या प्रतीत पैसा खेकडा, ईकुरा म्हणजे साल्मनची अंडी, उनी म्हणजे सी-अर्चिनचा गाभा अशा महाग वस्तूंवर जातो आणि त्या वस्तू चांगल्या लागण्यात कारागिराचा वाटा थोडा असतो. साध्या प्रतीत कोहादा असतो, अंडे असते, माकूळ असतो, टूनाचा लाल भाग असतो. खाणावळीची परीक्षा जशी आपल्याकडे पापलेटावर न करता बांगड्यावर करावी, तशी सुशीच्या दुकानाची परीक्षा या स्वस्त तुकड्यांवर होते.

कोहादाचेच पाहा. हा हाताच्या पंजापेक्षाही लहान, चंदेरी आणि काळ्या ठिपक्यांचा मासा तसाच कच्चा खाल्ला तर काटेरी आणि उग्र लागतो. तो चिरून, काटा काढून, मीठ लावून ठेवतात, मग धुऊन व्हिनेगरात बुडवतात. मीठ किती वेळ आणि व्हिनेगर किती वेळ, हे माशाच्या आकारावर, चरबीवर आणि त्या दिवसाच्या हवेवर ठरते. व्हिनेगरातून काढल्यावर तो आणखी काही काळ मुरू देतात. ताटात आल्यावर त्याच्या चंदेरी कातडीवर बारीक चिरा दिसाव्यात, कडा कोरड्या नसाव्यात, आणि तोंडात टाकल्यावर आंबटपणा आधी येऊन लगेच माशाची गोडी वर यावी. माल म्हणून त्याची किंमत किरकोळ आहे, पण त्यामागचे काम पुष्कळ आहे. ज्या दुकानात कोहादा नीट आहे त्या दुकानात कुणीतरी सकाळी लवकर उठून काम करतो, हे मी डोळे मिटून मान्य करतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रयोगोकूचा हानाया योहेई आणि त्याच्या काळचे इतर विक्रेते एदो म्हणजे तेव्हाच्या टोकियोत जी सुशी विकत, ती अशीच मुरवलेली, शिजवलेली, सोयासॉसमध्ये बुडवलेली असे. बर्फ नसलेल्या काळात मासा टिकवण्याच्या गरजेतून हे कसब आले. म्हणून ‘ताजा मासा म्हणजे चांगली सुशी’ हे समीकरण इथे अर्धेच खरे आहे. टूनाचा मोठा तुकडा कारागीर मुद्दाम काही दिवस थंडीत ठेवून चव येऊ देतो.

बाकीच्या ताटात काय पाहायचे? भात हाताच्या उबेइतका कोमट असावा. फ्रिजमधून काढल्यासारखा गार भात हा सर्वांत मोठा दोष, आणि तो महागड्या माशानेही झाकत नाही. उचलताना गोळा फुटू नये, तोंडात मात्र सुटावा. टूनाच्या कापाखाली पाणी सुटले असेल तर गोठवलेला तुकडा घाईने वितळवला आहे असे समजावे. माकीची, म्हणजे गुंडाळलेल्या सुशीची, नोरी (समुद्रशैवालाचा पापुद्रा) दाताखाली तुटावी, चिवट ओढली जाऊ नये. काउंटरवरच्या काचेच्या पेटीतही एक नजर टाकावी: तिथे प्रकार पंधराच असले तरी चालतील, पण प्रत्येक तुकडा झाकलेला आणि ट्रे कोरडा हवा. बारा-पंधरा खुर्च्यांच्या दुकानाने चाळीस प्रकार ठेवले असतील तर त्यातले अर्धे कालचे असणार, हे आमच्या व्यवसायातले साधे गणित आहे.

दुपारी एक वाजून गेल्यावर जावे. कचेऱ्यांची गर्दी ओसरलेली असते आणि मालकाला दोन शब्द बोलायला सवड असते. पैसे देताना टिप ठेवू नये, ती पद्धतच नाही. त्याच दुकानात रात्री जायचे ठरवले तर हिशेब बदलतो, हे लक्षात असू द्या: बसताच एक छोटी वाटी येते, तिचे चारशे-पाचशे येन बिलात लागतात, दारू मागवणे अपेक्षित असते आणि एकेक नग सांगत गेले की बेरीज झपाट्याने वाढते. रात्री जायचेच असेल तर ‘ओकिमारी’ म्हणजे ठरलेला संच मागवावा. सगळे कारागिरावर सोपवणारा ‘ओमाकासे’ तुमच्या रकमेत सहसा बसत नाही. मारुनोउची-निहोनबाशी भागातली काही दुकाने तो दुपारी पुष्कळ कमी दरात देतात, पण तिथे आधी जागा राखून ठेवावी लागते.

उभ्याने खाण्याच्या दुकानांची लाट अलीकडे पुन्हा आली आहे आणि मला ती मनापासून आवडते. ‘उओगाशी निहोनइची’ हे त्यातले माहितीचे नाव. स्थानकांजवळ त्याच्या शाखा आहेत. खुर्ची नाही, त्यामुळे माणूस वीस मिनिटांत मोकळा होतो आणि वाचलेले भाडे काही अंशी तरी ताटात उतरते. एक-एक नग मागवता येतो, कारागीर समोरच वळून देतो, आणि दहा नग व मिसो सूप दोन हजारांच्या आत-बाहेर होते. एकट्याने, कचेरीतून परतताना, हा उत्तम मार्ग आहे. आई-वडिलांना घेऊन मात्र जाऊ नये.

बाजारांविषयी लोकांच्या मनात एक समज पक्का बसला आहे, की मासळी बाजाराच्या दारात सुशी स्वस्त मिळते. मी रोज त्या बाजाराशी संबंध ठेवून असतो, आणि सांगतो की आता हे खरे नाही. त्सुकिजीचा घाऊक बाजार १९३५ पासून तिथे होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो तोयोसूला हलला आणि त्सुकिजीत बाहेरचा किरकोळ बाजार तेवढा उरला. तिथे आज पर्यटक जास्त आणि गिऱ्हाईक कमी अशी स्थिती आहे. काठीवर लावलेला खेकडा आणि शिंपले पाहावेत, चहा प्यावा, पण जेवायला दोन गल्ल्या सोडून पुढे जावे. तोयोसूच्या आत ‘सुशी दाई’ आणि ‘दाइवा सुशी’ ही त्सुकिजीतून आलेली प्रसिद्ध दुकाने आहेत. माल उत्तम, पण रांग आणि दर दोन्ही तुमच्या प्रश्नाच्या बाहेरचे. बाजाराला लागून फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘सेन्क्याकू बान्राई’ संकुलातल्या सहा-सात हजार येनांच्या मासळी-भाताच्या वाट्यांची जपानी लोकांनीच भरपूर थट्टा केली.

बाजाराचा अनुभव हवाच असेल तर आदाची बाजार सुचवतो. हा टोकियो महानगराचा केवळ मासळीला वाहिलेला घाऊक बाजार सेन्जू भागात आहे. कायाबाचोला तोझाई मार्ग सोडून हिबिया मार्गाने किता-सेन्जूला जावे आणि तिथून पंधरा-वीस मिनिटे चालावे. आवारातल्या खाणावळी मुळात बाजारातल्या कामकऱ्यांसाठी आहेत. सकाळी लवकर उघडतात आणि दुपार कलली की बंद होतात. मासळी-भाताची वाटी आणि साशिमीचे, म्हणजे कच्च्या माशाच्या कापांचे, जेवण तिथे पर्यटनाचा अधिभार न देता मिळते. सजावट शून्य आहे, आणि माझ्या कसोटीत तो गुणच ठरतो. उएनो आणि ओकाचिमाची यांच्या मधल्या आमेयोको बाजारातही रेल्वेपुलाखाली अशा वाट्या स्वस्त मिळतात, पण तिथे दर्जा दुकानागणिक बदलतो.

शहराबाहेर एक दिवस काढता येत असेल तर कानागावातले मिसाकी बंदर पाहावे. शिनागावाहून केइक्यू रेल्वेने मिसाकिगुची स्थानकापर्यंत सव्वा तासाच्या आसपास, आणि पुढे बस. केइक्यूचे ‘मिसाकी मागुरो’ तिकीट घेतले तर रेल्वे, बस, ठरलेल्या दुकानांपैकी एका ठिकाणचे जेवण आणि एखादी सहल किंवा भेटवस्तू हे सारे एका रकमेत येते, आणि सुटे सुटे पैसे मोजण्यापेक्षा ते निश्चित स्वस्त पडते. तिथला टूना खोल समुद्रात पकडून उणे साठ अंशांच्या आसपास गोठवून आणलेला असतो, तेव्हा ‘होडीतून थेट ताटात’ अशी कल्पना करून जाऊ नये. पण डोक्याचे, गालाचे, कण्याला चिकटलेले मांस, जे टोकियोत क्वचितच दिसते, ते तिथे साध्या दुकानातही मिळते, आणि भाजलेले-तळलेले प्रकारही भरपूर असतात. ओदावाराचे बंदर ‘आजी’ माशासाठी चांगले आहे.

घरी नेऊन खायचे असेल तर सुपरमार्केटला कमी समजू नका. ज्या दुकानाचा मासळी विभाग स्वतः मासा कापतो, तिथली सुशी साखळीच्या तोडीची असते. संध्याकाळी सातनंतर सवलतीची चिकटपट्टी लागू लागते आणि बंद होण्याच्या सुमारास ती निम्म्या किमतीपर्यंत उतरते. मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातही तसेच. बाहेर नेलेल्या पदार्थांवर कर आठ टक्के आणि बसून खाल्ल्यास दहा टक्के, हा फरकही आहेच. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये. भात कडक होतो.

आता आई-वडिलांविषयी. वडिलांना कच्च्याची धास्ती असेल तर सुशीच्या यादीत शिजवलेले पुष्कळ काही आहे: गोडसर रसात शिजवलेला आनागो म्हणजे समुद्री ईल, उकडलेली कोळंबी, उकडलेला ऑक्टोपस, अंड्याची वडी. पारंपरिक दुकानात हे पदार्थ दुय्यम समजले जात नाहीत, उलट आनागो ही त्यांची शान असते. परजीवींची भीती असेल तर हेही सांगावे की आनिसाकिस हा कृमी उणे वीस अंशांवर चोवीस तास गोठवल्यावर मरतो, आणि साखळ्यांतला बराच मासा या प्रक्रियेतून गेलेला असतो.

आईंसाठी काकडीची काप्पामाकी, मुळ्याच्या लोणच्याची ओशिंकोमाकी आणि उमेबोशी म्हणजे खारवलेले आंबट फळ व शिसोची सुगंधी पाने घातलेली माकी हे तुलनेने निर्धोक पर्याय आहेत. अडचण कानप्यो आणि इनारी यांच्याबाबत आहे: भोपळ्याच्या वाळवलेल्या पट्ट्या आणि तळलेल्या तोफूची पिशवी दिसायला शाकाहारी असली तरी ज्या रसात शिजतात त्या दाशीत बहुधा कात्सुओ माशाचे पापुद्रे असतात. मिसो सूपचेही तेच. नात्तो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनबरोबर येणाऱ्या सॉसमध्येही दाशी असते. आई हे कटाक्षाने पाळत असतील तर त्यांना घरी जेवू घालून नेणे आणि तिथे काप्पामाकी व चहावर थांबवणे, हे मला ‘बघू, काहीतरी मिळेल’ म्हणण्यापेक्षा बरे वाटते. वस्तीतल्या दुकानात आधी फोन करून विचारले तर मालक सहसा काकडी, शिसो, मुळा यांच्या चार माकी आनंदाने करून देतो. साखळीत यादीबाहेरचे काही होत नाही.

शोधण्यासाठी तुम्ही ताबेलोग हे उपाहारगृहांच्या अभिप्रायांचे संकेतस्थळ वापरतच असाल. तिथले आकडे भारतीय सवयीने वाचू नका: पाचपैकी साडेतीन म्हणजे तिथे चांगलेच दुकान, आणि ३.२ मिळालेल्या गल्लीतल्या दुकानातही उत्तम दुपारचे जेवण मिळू शकते, कारण नेहमीचे वयस्क गिऱ्हाईक अभिप्राय लिहीत बसत नाहीत. आकड्यापेक्षा दुपारचा आणि रात्रीचा खर्च वेगवेगळा दाखवणारी नोंद पाहा, आणि लोकांनी टाकलेल्या छायाचित्रांत दुपारचे साधे ताट शोधा. त्यात कोहादाची कातडी आणि टूनाखालची बशी दिसली की अर्धा निर्णय होतो. दर करासह आहे ना, तेही पाहा. एप्रिल २०२१ पासून करासह दर दाखवणे सक्तीचे असले तरी करापूर्वीचा आकडा ठळक आणि करासहचा बारीक, असा प्रकार सर्रास चालतो.

एप्रिलसाठी मी असे सुचवेन: आई-वडील येण्याआधी तुम्ही मोन्झेन-नाकाचोत दोन-तीन दुकाने दुपारी साध्या प्रतीवर पाहून ठेवावीत, जे आवडेल तिथे मालकाशी ओळख करून आईंच्या माकींचे बोलून ठेवावे, आणि सगळ्यांनी तिथेच जावे. महिन्याच्या अखेरीस, २९ एप्रिलपासून, सुट्ट्यांचा आठवडा सुरू होतो. तेव्हा मिसाकीला किंवा स्कायट्रीला जाऊ नये. तोयोसूचा बाजार रविवारी आणि पुष्कळ बुधवारी बंद असतो, आणि वस्तीतली बरीच दुकाने त्याच दिवशी सुट्टी घेतात. म्हणून शक्यतो मंगळवार, गुरुवार किंवा शुक्रवार धरा, आणि निघण्यापूर्वी एक फोन करा.